रत्नागिरीत राहून सीए ऑफिसातला सीझन काढायचा की मुंबई गाठायची?

हिशेबवही | ५ ऑक्टोबर २०२५, रात्री ११.४०

नमस्कार. दोन वर्षं इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी रत्नागिरीत एका सीए ऑफिसात काम करते. वय २६. आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, याच ऑफिसात झाली. तेव्हा ती तीन वर्षांची होती, आताच्या मुलांना दोनच करावी लागतात. फायनलचा पहिला ग्रुप निघाला, दुसरा राहिलाय. सध्या सेमी-क्वालिफाइड म्हणून पगारावर आहे, महिना १६,०००.

झालं असं. मार्चमध्येच सरांना सांगून ठेवलं होतं की ३१ जुलैला प्राप्तिकराची रिटर्न संपली की १ ऑगस्टपासून मला सुट्टी हवी, सप्टेंबरचा अटेम्प्ट द्यायचाय. सर हो म्हणाले. मे संपता संपता रिटर्नची तारीख १५ सप्टेंबरवर गेली. फॉर्म बदलले होते, जुलै उजाडला तरी आयटीआर-२ आणि ३ हे फॉर्म भरायच्या युटिलिटी (सॉफ्टवेअर) आल्या नव्हत्या, म्हणजे मुदत वाढणं बरोबरच होतं. ऑफिसात सगळ्यांना हायसं वाटलं. मी मात्र कॅलेंडरकडे बघत बसले, कारण माझी सुट्टी त्या दीड महिन्यात गेली होती. लोकांनी काय केलं? जुलैत येणारी माणसं थांबली. "आता गणपती झाल्यावर बघू." २७ ऑगस्टला चतुर्थी, २ सप्टेंबरला गौरी-गणपती विसर्जन, आणि ३ तारखेला सकाळी ऑफिसच्या जिन्यावर रांग. परीक्षेचं हॉल तिकीट माझ्या पर्समध्ये तसंच राहिलं.

१५ तारखेची रात्र विसरता येत नाही. पोर्टल फिरतंय, फिरतंय, मध्येच लॉगआउट करतंय. राजापूरच्या बाजूचे एक काका आहेत, त्यांच्या घरात मोबाइलला रेंज नाही. ई-व्हेरिफाय करायला ३० दिवस असतात हे मला माहीत आहे. पण नंतर करू म्हटलं की राहतं आणि मग भरलेलं रिटर्न न भरल्यासारखं होतं, म्हणून मी आधार ओटीपी त्याच वेळी घेते. रात्री साडेदहाला काका बॅटरी घेऊन घरामागच्या सड्यावर, उंच कातळावर, चढले. पाऊस होता. छत्रीवर पाऊस वाजतोय आणि काका एकेक आकडा ओरडून सांगतायत. तिसऱ्यांदा ओटीपी लागला. पावती आली तेव्हा ते म्हणाले, "झालं ना गं? आता तू घरी जा, उशीर झाला." माझ्यामागे अजून १९ फाइली होत्या. मुदत मग एक दिवसाने वाढली, १६ झाली, पण ते कळलं तेव्हा आम्ही सगळे कोसळायच्या बेतात होतो.

आता टॅक्स ऑडिटची तारीखही ३० सप्टेंबरवरून ३१ ऑक्टोबर झालीय. म्हणजे दिवाळीही गेली.

मुंबईत लोअर परळच्या एका फर्ममधून बोलावणं आहे, ३८,००० देतायत. मैत्रिणीबरोबर खोलीची सोय होईल. इकडे आई-बाबा दोघेच आहेत, चाळीस कलमांची बाग आहे, आणि खरं सांगायचं तर मला हे काम आवडतं. इथली माणसं आवडतात. पण अशीच राहिले तर दुसरा ग्रुप कधी निघणार? ज्यांनी या वाटेवर काही वर्षं काढलीत त्यांनी कृपया सांगा.

रातपाळी | ५ ऑक्टोबर, रात्री ११.५८

वाचलं. आत्ता कामावर आहे, उद्या नीट लिहितो. तोवर एकच सांगतो, जानेवारीचा अटेम्प्ट सोडू नका. फायनल आता वर्षातून तीनदा होते. सप्टेंबर गेला म्हणून सहा महिने थांबावं लागत नाही.

परळ ते पावस | ६ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

मी ११ वर्षं मुंबईत होतो, चार वर्षांपूर्वी गावी आलो. मोठ्या फर्ममध्ये शिस्त शिकलो, वर्किंग पेपर कसे ठेवायचे ते शिकलो, त्याबद्दल कायम ऋणी आहे. पण पहिले दोन सीझन मी एका कंपनीची फक्त स्थिर मालमत्ता तपासली. मशीन, बिल, घसारा, पुन्हा मशीन. ती कंपनी काय बनवते ते मला तिथल्या वॉचमनने सांगितलं. तुम्ही इथे टॅक्स ऑडिटचा ३सीडी फॉर्म पहिल्या क्लॉजपासून शेवटच्यापर्यंत स्वतः भरत असाल, आणि समोर तो माणूस बसलेला असेल. हे शिक्षण मुंबईत लवकर मिळत नाही.

तरीही जा म्हणेन. दोन वर्षांसाठी जा आणि परत या. परत येताना तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट काढायला पैसे लागतात, ते तिथेच साठतात.

काजूबी | ६ ऑक्टोबर, दुपारी १.३०

हिशेबवही, तुझं वाचून घशाशी आलं. मी वेंगुर्ल्यात काजू कारखान्यात अकाउंट्स बघते. त्याआधी सात वर्षं एका कर सल्लागाराच्या ऑफिसात होते. ऑफिसचं नाव घेत नाही. "तू आमच्या घरचीच" म्हणत म्हणत सात वर्षं गेली. घरची म्हणून रविवारी यायचं, घरची म्हणून जास्तीच्या तासांचे पैसे मागायचे नाहीत. माझ्या धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याला मी जेवणाच्या पंगतीला पोचले, कारण त्या दिवशी २० तारीख होती आणि जीएसटीचे थ्रीबी फॉर्म भरायचे होते. त्या ऑफिसात माझ्या मागच्या टेबलावरची बाई १४ वर्षं होती. तिने इंटर अर्धं सोडलं ते सोडलंच. मला तिची आठवण येते तेव्हा अजून राग येतो.

इथे कारखान्यात सीझन नाही असं नाही. मार्च ते मे शेतकरी काजू बी घेऊन येतात, पोती मोजून पैसे घेऊन जातात. शेतकऱ्याकडून सालासकट काजू बी घेतली की त्यावरचा ५ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने आम्ही भरायचा, तोही रोख खात्यातून, आणि नंतर त्याचं क्रेडिट घ्यायचं. बिल शेतकरी देत नाही, आम्हीच आमच्या नावाने बनवायचं. पहिल्या वर्षी मी एका आजोबांकडे बिल मागितलं तर म्हणाले, "बिल खंयचा? ही चिठी आसा." ती चिठ्ठी मी अजून ठेवलीय. आता प्रत्येक पोत्यामागे बिल त्याच दिवशी बनतं, त्यामुळे महिनाअखेरीला सातला घरी असते. सही करायचा अधिकार नाही माझ्याकडे, पण झोप आहे.

सगळ्यांनी सीएच व्हावं असं नाही. पण तुझा एकच ग्रुप राहिलाय, तो घालवू नको. सुट्टी तोंडी मागू नको, लेखी माग.

वाशिष्ठीकाठ | ६ ऑक्टोबर, रात्री १०.०५

मी चिपळूणला प्रॅक्टिस करतो, २२ वर्षं झाली. म्हणजे या धाग्यावर मी सरांच्या खुर्चीतला माणूस आहे. काजूबी ताईंनी लिहिलं ते वाचून दोन तास काही सुचलं नाही, कारण माझ्या ऑफिसातही असं घडलेलं आहे. ते नाकारत नाही.

आमची बाजू सांगतो, सबब म्हणून नाही. लहान गावात प्रॅक्टिस करणाऱ्याला एक भीती कायम असते. आज याला "उशीर झाला" म्हटलं तर तो शेजारच्या गाळ्यातल्या सल्लागाराकडे जाईल, आणि जाताना त्याचे तीन भाऊ, मेव्हणा आणि पतसंस्थाही घेऊन जाईल. म्हणून शेवटच्या रात्रीपर्यंत कोणालाच नाही म्हणत नाही. त्या न म्हटलेल्या 'नाही'ची किंमत आमच्या मुलींनी आणि मुलांनी मोजली. हे मला फार उशिरा कळलं.

कळलं ते २२ जुलै २०२१ ला. त्या दिवशी वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली. माझं ऑफिस तळमजल्यावर. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर कपाट आडवं पडलेलं, आणि वह्या फुगून विटांसारख्या झालेल्या. चिखलातून एकेक फाइल काढली. माझ्या दोन आर्टिकल मुलींनी गच्चीवर दोऱ्या बांधून पानं वाळत घातली, कपड्यांसारखी. एकीने केळीच्या सोपाने चिखल निपटून व्हाउचरचे आकडे वाचले. त्या वर्षी रिटर्नची तारीख आधीच ३० सप्टेंबर होती, पुढे ३१ डिसेंबर झाली, म्हणून निभावलं. नाहीतर कुठलाच हिशेब उभा राहिला नसता. त्या दोघी महिनाभर आमच्याबरोबर चिखलात होत्या, आणि त्यातल्या एकीची परीक्षा तोंडावर आलीय हे मला तिच्या आईने फोन केला तेव्हा कळलं. मी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. सगळे कागद स्कॅन करून वरच्या मजल्यावर. आणि कागद घ्यायची तारीख.

दुसरी गोष्ट नीट सांगतो, कारण ती कोकणातच जमण्यासारखी आहे. पगारदार माणसाचं रिटर्न १५ जूनच्या आधी करून उपयोग नसतो. मालकाचं चौथ्या तिमाहीचं टीडीएस विवरण ३१ मेपर्यंत जातं, फॉर्म १६ मिळतो १५ जूनला, आणि २६एएस, एआयएस (कापलेला कर आणि व्यवहार दाखवणारी पोर्टलवरची विवरणं) त्याच सुमाराला पूर्ण दिसायला लागतं. पण बोटवाल्यांचा टीडीएस सहसा कापलेलाच नसतो. बागायतदारांचाही नाही. त्यांचे हिशेब या कशावर अडून नसतात. आणि आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी किनाऱ्याला ओढलेल्या. आंबा जूनच्या पहिल्या आठवड्यात संपतो, वाशीहून अडत्यांच्या विक्रीच्या पट्ट्या येऊन पडतात. म्हणजे आपली निम्मी माणसं जूनमध्ये घरी असतात, त्याच वेळी ऑफिसातही श्वास घ्यायला फुरसत असते, आणि तरी आपण त्यांना सप्टेंबरमध्ये बोलावतो. मासेमारी बंदीचा शेवटचा दिवस आणि रिटर्नची मूळ तारीख यंदाही एकच होती, ३१ जुलै. मला हे इतकी वर्षं दिसलं कसं नाही, याचंच आश्चर्य वाटतं.

आता १० जुलैनंतर ऑडिट नसलेल्या जुन्या अशिलाचे कागद आम्ही घेतो, पण रिटर्न त्या महिन्यात जाईल असा शब्द देत नाही. उशीर झाला तर कलम २३४एफची ५,००० रुपये फी बसते, पाच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १,०००. हे आधीच पत्राने कळवतो. पहिल्या वर्षी सात-आठ जण सोडून गेले. त्यातले चार परत आले.

हिशेबवही, तुझ्या सरांशी बोल. रागाने नाही. माझ्यासारखी बरीच माणसं वाईट नसतात, पण कोणी समोर बसून सांगितल्याशिवाय त्यांना दिसत नाही.

काजूबी | ६ ऑक्टोबर, रात्री १०.४०

दादा, तुम्ही मान्य केलंत याबद्दल मनापासून आभार. पण दर वेळी मुलीनेच समोर बसून सांगायचं का? पगार देणाऱ्याने परीक्षेची तारीख विचारायला काय लागतं?

वाशिष्ठीकाठ | ६ ऑक्टोबर, रात्री १०.५२

काही लागत नाही. विचारायलाच हवी होती.

भरतीओहोटी | ७ ऑक्टोबर, दुपारी ३.१०

मी तुमच्यातली नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. आमची मिरकरवाड्याला बोट आहे. हिशेब घरात मीच ठेवते. नवरा समुद्रावर, सासरे आता जात नाहीत. आम्ही सप्टेंबरमध्ये जिन्यावर रांग लावणाऱ्यांपैकीच आहोत, तर आमचं कारण ऐका.

जूनमध्ये आम्ही रिकामे दिसतो, पण हातात पैसा नसतो. बंदीच्या दोन महिन्यांत उत्पन्न शून्य आणि खर्च सगळा त्याच दोन महिन्यांत. इंजिन खोलायचं, लाकूडकाम, रंग, नवी जाळी, खलाशांना पुढच्या हंगामाची उचल. तांडेल (बोटीवरचा म्होरक्या) चांगला असेल तर त्याला धरून ठेवायलाही आगाऊ द्यावे लागतात. अशा वेळी सीएकडे गेलं की ते म्हणणार, एवढा कर भरा आणि एवढी फी द्या. कुठून द्यायची? म्हणून जात नाही. नारळी पौर्णिमा झाली, बोटी बाहेर पडल्या, दोन-चार चांगल्या फेऱ्या झाल्या की मग धीर होतो. तोवर गणपती येतात.

कागद मात्र जूनमध्ये तयार असतात. एका पत्र्याच्या डब्यात असतात, डिझेल, बर्फ, किराणा वेगवेगळं बांधून. तुम्ही कागद जूनमध्ये घेतलेत आणि फी पौर्णिमेनंतर घेतलीत तर मी १ जूनलाच डबा आणून देईन. आमच्या आळीतल्या आणखी बायकाही देतील.

एक विचारू? सासरे म्हणतात मासेमारी ही शेतीसारखीच, तिला कर नसतो. शेजारच्या बागायतदारांना नाही, मग आम्हाला का?

हिशेबवही | ७ ऑक्टोबर, रात्री ९.२५

वहिनी, तुमचा प्रतिसाद वाचून मी वहीत उतरवून घेतला. इतकी वर्षं आम्ही "बोटवाले वेळेवर येत नाहीत" एवढंच म्हणत आलो. जूनमध्ये पैसे नसतात हे कोणी बोललंच नव्हतं.

सासऱ्यांच्या प्रश्नाबद्दल. प्राप्तिकरात शेतीचं उत्पन्न म्हणजे जमिनीतून आलेलं. समुद्रातली मासळी त्यात धरत नाहीत, तो व्यवसाय. आंब्याची बाग शेती आहे. कलमांची रोपवाटिकाही शेतीतच धरतात. पण त्याच आंब्याचा कारखान्यात पल्प काढून डबाबंद विकला की त्या नफ्याचा तो भाग व्यवसायात जातो. आणि बागायतदारांना काहीच नसतं असंही नाही. दुसरं करपात्र उत्पन्न असेल तर शेतीचं उत्पन्न दर ठरवताना मिळवलं जातं. शेतीचं उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर आयटीआर-२ मध्ये जमीन कुठल्या जिल्ह्यात, किती, स्वतःची की भाड्याची, पाण्याखालची की पावसावरची, हे सगळं लिहावं लागतं. सातबारा लागतोच.

तुमच्यासाठी सोपी वाट बहुतेक कलम ४४एडी. वर्षाची विक्री दोन कोटींच्या आत असेल तर बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरून रिटर्न भरता येतं. लिलावाचे पैसे जितके खात्यातून येतील तितकं बरं. आणि डिझेलवरचा परतावा सोसायटीमार्फत खात्यात येतो ना, तोही उत्पन्नातच धरायचा असतो. तो वेगळा लिहून ठेवा. बऱ्याच जणांचा सुटतो आणि मग नोटीस येते.

खरं म्हणजे मला असं बोलायला मिळालं तर मी कितीही वेळ थांबेन. थकवा या बोलण्याचा नसतो. ज्या रात्री बोलायलाच वेळ नसतो, नुसते आकडे कोंबायचे असतात, त्या रात्रीचा असतो.

ऑडिटवर्ग | ८ ऑक्टोबर, सकाळी ११.००

कुडाळहून लिहितोय. आणखी एक वाट इथे कोणी सांगितली नाही म्हणून सांगतो. मी जीडीसी अँड ए (सहकार आणि लेखाशास्त्राची सरकारी पदविका) केलं आणि सहकारी संस्थांची ऑडिट करतो. पतसंस्था, विकास सोसायट्या, मच्छीमार सोसायट्या, आपल्याकडे यांना कमी नाही. आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत ऑडिट, म्हणजे ३१ जुलै, आणि ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा. एप्रिल ते जुलै मोटरसायकलवर जिल्हाभर फिरतो, गणपतीत घरी असतो.

संस्थांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र जीव धरून सांभाळावी लागते. रिटर्न मुदतीत गेलं नाही तर कलम ८०पीची करातली वजावट जाते. सभासदांच्या घामाचा नफा असतो तो. एका संस्थेचं असं झालेलं जवळून बघितलंय. चूक तारखेची होती, सचिवाला वर्षभर झोप नव्हती. त्यामुळे तारीख पाळणं म्हणजे काय ते मी हलकं समजत नाही.

ताई, तुमचा एक ग्रुप राहिलाय, म्हणून तुम्हाला हे करा म्हणणार नाही. पण वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाचं बी.कॉम. झालं असेल आणि गाव सोडायचं नसेल तर त्यांनी विचार करावा.

रातपाळी | ८ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.४०

आता निवांत लिहितो. मी गुहागर तालुक्यातल्या गावातून अमेरिकेतली कर विवरणपत्रं करतो, एका भारतीय कंपनीमार्फत. तिकडचा सीझन जानेवारीपासून १५ एप्रिलपर्यंत, आणि मुदतवाढ घेतलेल्यांचा १५ ऑक्टोबरला संपतो. म्हणजे सध्या मीही त्याच आठवड्यात आहे. कामाची वेळ संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. पगार इथल्या ऑफिसापेक्षा पुष्कळ जास्त, हे लपवत नाही. घराचं छप्पर त्यातूनच झालं. दोन इंटरनेट लाइन, इन्व्हर्टर, आणि निसर्ग वादळाची आठवण म्हणून एक छोटा जनरेटर. ३ जून २०२० ला ते आलं तेव्हा दापोलीत बहिणीकडे होतो, कितीतरी दिवस वीज नव्हती.

पण पाच वर्षांत मी एकाही करदात्याचा चेहरा बघितलेला नाही. मुलांची नावं वाचतो, त्यांची वयं वाचतो. कोणाचा नवरा गेला की पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर कळतं. कोणाला काही विचारता येत नाही. तुमचे सड्यावर चढलेले काका वाचले आणि मला खूप काही वाटलं. आमच्यात एनरोल्ड एजंटची (अमेरिकेतल्या परवानाधारक कर सल्लागाराची) परीक्षा देतात, तीन पेपर, मीही दोन दिलेत. वाट चांगली आहे. तुमचा सीएचा ग्रुप निघाल्यावरही ती खुलीच राहील, म्हणून घाई करू नका.

परळ ते पावस | ८ ऑक्टोबर, रात्री ८.२०

माझा सल्ला थोडा बदलतो. मुंबईला जा, पण परीक्षा झाल्यावर. नव्या फर्ममध्ये ऑक्टोबरच्या शेवटी रुजू झालात तर जानेवारीसाठी सुट्टी कोण देईल? पहिल्याच महिन्यात ऑडिटच्या तारखेत सापडाल.

वाशिष्ठीकाठ | ९ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

त्यात भर. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा २०२५ लागू होतोय. १९६१ चा कायदा आमच्या बोटांवर आहे, कलमांचे आकडे झोपेतही सांगतो. आता आकडे सगळे नवे. पुढच्या जूनमध्ये भरायची रिटर्न जुन्याच कायद्याखालची असतील, पण १ एप्रिलनंतर कापलेला टीडीएस नव्या कायद्याखाली. एका वेळी दोन्ही चालवावे लागणार. यात मी आणि माझ्याकडची सर्वांत धाकटी मुलगी एकाच बाकावर बसून शिकणार आहोत. ज्या कोणाला इथे पाय रोवायचे असतील त्यांना इतकी मोकळी जागा माझ्या २२ वर्षांत मिळालेली बघितली नाही. हे मुंबईत नाही असं नाही. पण इथे ते समजावून सांगणारी माणसं मोजकी आहेत.

हिशेबवही | १२ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.१५

सगळ्यांची क्षमा मागते, महिनाभर इकडे येताच आलं नाही. ऑडिटची तारीख ३१ ऑक्टोबरवरून १० नोव्हेंबर झाली, ती परवा संपली. शेवटचा रिपोर्ट दहाला दुपारी चार वाजता अपलोड झाला. उजेडात घरी आले, आईने दार उघडलं आणि घड्याळाकडे बघितलं.

भाऊबीज झाल्यावर एका सकाळी सरांसमोर बसले. काजूबी ताई, तुम्ही म्हणालात तसं लेखी घेऊन गेले होते, एका पानावर. १ डिसेंबरपासून परीक्षा संपेपर्यंत सुट्टी, तारीख वाढो न वाढो. पगार २२,०००. आणि भरतीओहोटी वहिनींनी सांगितलेली जूनची योजना.

सरांनी पान दोनदा वाचलं. सप्टेंबरचं हॉल तिकीटही मी सोबत नेलं होतं, ते टेबलावर ठेवलं. ते बराच वेळ त्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मला वाटलं तू फॉर्मच भरला नाहीस." दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. सुट्टी मिळाली, अर्ध्या पगारी. परीक्षेचा फॉर्मही त्यांनी माझ्यासमोर भरायला लावला. पगाराचं एप्रिलमध्ये बघू म्हणाले. त्यावर मी समाधानी नाही आणि तसं सांगितलं. मुंबईच्या फर्मला कळवलं की परीक्षेनंतर येऊ शकेन, त्यांनी फेब्रुवारीत पुन्हा बोलायचं ठरवलंय. एप्रिलमध्ये इकडचा आकडा काय येतो ते बघून ठरवीन. आज तरी माझं मन इथे आहे.

जूनच्या योजनेवर मात्र सर खुर्चीतून उठलेच. बोटींच्या ३७ फाइली आहेत आमच्याकडे. १ ते २० जून फक्त त्यांचे कागद, फी नारळी पौर्णिमेनंतर. आधी ऑफिसातल्या सगळ्यांना सांगितलं, मग पाटी लिहायला टाकली.

काजूबी | १२ नोव्हेंबर, रात्री १०.२२

लेखी दिलंस. शाब्बास गो. आता फोन बंद करून अभ्यासाला बस.

भरतीओहोटी | १३ नोव्हेंबर, दुपारी २.४५

३७ मध्ये आमची एक धरून ३८ करा. आणि आळीतल्या अजून चार. ऑफिस कुठे ते कळवा, १ जूनला डबा घेऊन येते.

हिशेबवही | १३ नोव्हेंबर, रात्री ९.३०

वहिनी, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते. डबा आणण्याआधी एक कराल? डिझेलची बिलं आत्तापासूनच झेरॉक्स करून ठेवा. तो गुळगुळीत कागद दमट हवेत चार-सहा महिन्यांत पांढरा पडतो, जूनपर्यंत त्यावर आकडा राहणार नाही.